तांडेलाचं वेटोळं

तांडेलाच्या हाताला एक खोड होती. लांब, बारीक आणि सैल असं काहीही समोर पडलेलं दिसलं की त्याचं वेटोळं केल्याशिवाय तो हात गप्प बसत नसे. दोर, कमरेचा पट्टा, शिवणाची टेप, झाडांना पाणी घालायचा पाइप, काहीही. जन्मभर त्याने नदीवर फेरीबोट चालवली होती, आणि बोटीवर सैल दोर म्हणजे कुणाचा तरी पाय मोडणार, हे त्याच्या डोक्यात नव्हे तर थेट मनगटात जाऊन बसलं होतं. एकदा म्हणे तो सर्कशीत गेला. पिंजऱ्यात अजगर सरळसोट पसरला होता. तांडेलाने गजांतून हात घातला, आणि रखवालदार बोंबलत येईपर्यंत अजगर असा काही गोल, थरावर थर, शेपटी मधोमध खोचून बसला होता, की सर्कसवाल्यांनी पुढचा सगळा हंगाम तो तसाच दाखवला. अजगरही खूश होता म्हणतात. जन्मात पहिल्यांदा कुणीतरी त्याला आवरून ठेवलं होतं. ज्याला खोटं वाटत असेल त्याने अजगराला विचारावं.

मग नदीवर पूल झाला. पूल झाल्यावर बोटीला कोण विचारतो? लोक वरून भुर्रकन निघून जाऊ लागले, खाली बघेनातसुद्धा. तांडेल घरी बसला. बसला कसला, घरभर फिरून वायरी आवरत राहिला. फोनची वायर त्याने इतकी आवरली, की फोन कानाला लावायला बायकोला गुडघ्यांवर बसावं लागे.

ही बायको काही साधी असामी नव्हती. एका मोठ्या वसतिगृहाची मेस तिने चालवली होती. तिने नुसता डाव उचलला तरी पोरं ताटं घेऊन सरळ रांगेत उभी राहत, आणि त्यातलं एखादं तर जेवण झाल्यावरही रांगेतच उभं सापडे. पण मेसही सुटली, पोरंही पांगली. आता तिच्या हुकमतीत एक कुकर आणि एक नवरा उरला होता, आणि त्यातला कुकर तेवढा वेळेवर शिट्टी देई.

अशात तांडेलाने एक जुनी कॅम्परव्हॅन आणून दारात उभी केली. आत दोन माणसांचं अंथरूण, शेगडी, बेसिन आणि उघडलं की दुसरं काहीच उघडता येणार नाही असं एक कपाट. बायकोने गाडीत फेरफटका मारला. म्हणजे ती जागच्या जागी वळली, आणि फेरफटका संपला.

"मी येईन," ती म्हणाली. "एक हिवाळा येईन. पण आधीच सांगते, ज्या संध्याकाळी मला अंधारात बसायची वेळ येईल, त्याच्या दुसऱ्या सकाळी मी छोटीकडे निघाले."

"अगं, अंधार कसला होतोय? घराची वेगळी बॅटरी आहे गाडीत."

"बॅटरीचं मला नका सांगू. आमच्या मेसला जनरेटर होता. वर्षभर धडधडायचा आणि परीक्षा आली की मान टाकायचा."

छोटी म्हणजे तिची धाकटी बहीण. तिच्याकडे एक रिकामी खोली होती, आणि ताईचा नवरा बिनकामाचा आहे असं तिचं ठाम मत होतं. बायकोने बॅग भरली ती भरलीच ठेवली, आणि गाडीच्या दाराशी खुंटीला अडकवली. तांडेल आत-बाहेर करताना रोज तीवर डोकं आपटून घेई. जणू बॅगच त्याला टपली मारून विचारायची, काय, जाऊ का?

तांडेलाला काय वाटे ते त्याने कधी बोलून दाखवलं नाही. सगळं आयुष्य तो पाण्यावर आणि ती चुलीपाशी. त्यांचा निम्मा संसार "निघालो" आणि "आलो" या दोन शब्दांवर झाला होता. मधलं काही सांगायचंच राहून गेलं होतं. आता दोघांनी एका बोटीत बसावं, एवढीच त्याची हौस. ती उतरून गेली असती तर ती गाडी म्हणजे चाकांवर ठेवलेला पत्र्याचा डबा, आणि आत एक म्हातारा.

थंडीच्या तोंडावर ते गाड्या-तंबूंच्या मुक्कामाच्या एका मोठ्या मैदानावर येऊन थांबले. कापलेलं गवत, कडेने झाडं, अंघोळीच्या खोल्यांची एक बैठी ओळ आणि जागोजागी कमरेएवढे विजेचे खांब. केबलचं एक टोक खांबाला लावायचं, दुसरं गाडीच्या कुशीतल्या सॉकेटात खुपसायचं, की गाडीला घरासारखी वीज. हिटर आणि किटली सरळ त्या विजेवर चालायची. आणि आतला चार्जर घराच्या बॅटरीला दिवसभर घोट घोट पाजत राहायचा, कारण दिवे आणि पाण्याचा पंप त्या बॅटरीवर.

मैदान सांभाळणारी बाई गुडघ्यापर्यंत रबरी बूट घालून हिंडे. तिला सगळे मैदानवाली म्हणत. तिने खांब दाखवला आणि जाता जाता म्हणाली, "काका, केबल अख्खी मोकळी सोडा बरं का. गुंडाळून ठेवू नका."

"बाई, नदीवर केस पांढरे केलेत मी."

"ते दिसतंय हो. मी केबलचं म्हणतेय."

तांडेलाच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. दोर कसा ठेवायचा हे त्याला शिकवणार? तेही बूट घालून? ती वळली तसा त्याने खांबाशी एक फळी टाकली आणि तिच्यावर केबलचं वेटोळं घालायला घेतलं. गाडी खांबाला जवळजवळ चिकटून होती आणि केबल ही एवढी लांब. त्यामुळे त्याला मनसोक्त गुंडाळता आलं. सपाट, घट्ट, फेऱ्याला फेरा भिडलेला, मधे सुईसुद्धा जाणार नाही. येणारे-जाणारे थांबून बघत. एक जण तर त्याला पायपुसणं समजून पाय पुसून गेला.

संध्याकाळी हिटर लागला. गाडी उबदार झाली, दिवे लख्ख, किटली गुणगुणायला लागली. बायको म्हणाली, "हं." तिच्या तोंडून "हं" निघणं म्हणजे दुसऱ्या कुणी हार घालण्यासारखं होतं.

आता हिटरसारखं खादाड काही चालू असलं की केबल जराशी तापते. मोकळी असेल तर ती ऊब वाऱ्यावर जाते, गुंडाळलेली असेल तर तिथेच कोंडून बसते. तांडेलाच्या हे गावीही नव्हतं. पण मैदानावरच्या मांजरीला मात्र पहिल्याच दिवशी कळलं. ती आली, वेटोळ्याचा वास घेतला, त्याच्या मधोमध स्वतःचं वेटोळं केलं आणि झोपी गेली.

"बघ," तांडेल बायकोला म्हणाला, "सुबक कामाकडे जनावरसुद्धा ओढलं जातं."

मग शेजारच्या तंबूतले डॉक्टर आले. हे दातांचे डॉक्टर, दवाखाना बंद करून तंबूत राहायला आलेले. त्यांनी आपले ओले मोजे सहज तिथे टाकले, ते चहा पिऊन होईपर्यंत खडखडीत वाळले. दुसऱ्या दिवशी टोपी आणली, मग बनियन, मग एक भिजलेली कादंबरी. पलीकडच्या शेतातून एक कोंबडी आली. मांजर आणि कोंबडी यांच्यात आधी थोडी शब्दाशब्दी झाली, मग त्यांनी पाळ्या लावून घेतल्या. दिवसा कोंबडी, संध्याकाळी मांजर. वेटोळ्याच्या भोवती हातभर गवत तर भर थंडीत वसंत आल्यासारखं तरारलं, आणि त्यात एक पिवळं फूल उमललं. त्या फुलावर मधमाशी आली होती असं डॉक्टर शपथेवर सांगत, पण डॉक्टरांची शपथ म्हणजे "अजिबात दुखणार नाही" म्हणणाऱ्याची शपथ. किती विश्वास ठेवायचा ते ज्याचं त्याने ठरवावं.

सगळ्यात जास्त फायदा झाला तो बायकोचा. तिला पाव भाजायची हुक्की आली होती, पण थंडीने कणीक फुगेना. तिने भांडं वेटोळ्यावर नेऊन ठेवलं. अंघोळ करून येते तर कणीक भांड्याच्या काठावरून डोकावून तिचीच वाट बघत होती.

"अहो, इथे एवढं गरम कसं हो लागतं?"

"ऊन पडतं तिथे," तांडेल म्हणाला. त्या जागेवर दिवसभर झाडाची सावली असे, पण इतक्या बारीकसारीक गोष्टीत त्याने लक्ष घातलं नाही.

बायको पाव करू लागली. एकाचे चार झाले, चाराचे डझनभर. बाकीच्या गाड्यांतले आणि तंबूतले लोक बशा घेऊन येऊ लागले. तिने त्यांना बघता बघता रांगेत उभं केलं. "पुढे सरका. बशी दोन्ही हातांनी धरा. डॉक्टर, तुमचं झालंय, मी बघितलं." तिच्या आवाजाला जुनी धार चढली. आणि एका सकाळी तांडेलाने पाहिलं, की तिने त्या खुंटीवरच्या बॅगेतून आपल्या घरातल्या सपाता काढल्या आणि पायांत घातल्या. नुसत्या सपाता. बाहेर जाऊन त्याने बोटीचा भोंगा वाजवावा तसा मनातल्या मनात एक लांबलचक भोंगा वाजवला.

मग एक दिवस अशी थंडी पडली, की तोंडातून निघालेला शब्द थिजून खाली पडे आणि पायाला टोचे. बायको कपडे धुवायला धुलाईच्या खोलीत गेली होती. तांडेलाने हिटर पूर्ण वर नेला. किटली लावली. तेवढ्यात डॉक्टर हातात पँट घेऊन आले.

"तांडेल, जरा इस्त्री लावू का तुमच्याकडे?"

"लावा की. वीज काय आपल्या घरची आहे?"

डॉक्टरांनी एक पाय कडक केला, दुसऱ्यावर इस्त्री ठेवली, आणि बाहेर "भस्स" असा आवाज झाला. हिटर विझला. किटलीचं गाणं तुटलं. दोघं बाहेर आले. खांबावरचा खटका खाली पडला होता. वेटोळ्यावरून मांजर उठली, तिने अंग झाडलं, तांडेलाकडे असं बघितलं जसं आगगाडी चुकल्यावर लोक स्टेशनमास्तरकडे बघतात, आणि शेपटी ताठ करून निघून गेली. केबल वितळून फेऱ्याला फेरा चिकटला होता. सगळ्याची मिळून एक काळी, चपटी, वास मारणारी थाळी झाली होती. तांडेलाने ती उचलली तर अख्खी उचलली गेली.

"अरेरे," डॉक्टर म्हणाले. "हे काढावंच लागेल."

"डॉक्टर, हे कुणाला बोलायचं नाही. तोंड बंद."

"जन्मभर मी लोकांना 'उघडा' म्हणत आलो. मला 'बंद' म्हणणारे तुम्हीच पहिले." डॉक्टरांनी अर्धी कडक, अर्धी चुरगळलेली पँट खांद्यावर टाकली. "मैदानवालीकडे जास्तीची केबल असेल. मागून बघा."

"तिच्याकडे? मरेन पण मागणार नाही. उद्या गावातलं दुकान उघडेल, नवी आणीन. आजची संध्याकाळ बॅटरीवर निभावेल. भरलेली आहे."

भरलेली होती हे खरं. पण म्हातारी होती, आणि थंडीत म्हाताऱ्यांचं कसं होतं ते तांडेलाला स्वतःवरूनच ठाऊक होतं. शेगडीच्या वर एक छोटी तबकडी होती. तिच्यातला काटा हिरव्या पट्ट्यात असला की बॅटरी पोटभर, पिवळ्यात आली की भुकेली, लाल पट्ट्यात गेली की दिवे जाणार. तांडेलाने थाळी गाडीखाली सरकवली आणि आत येऊन काट्यासमोर बसला. बोटीवर त्याचा एक नियम होता. इंजीन बंद पडो की तळाला पाणी लागो, उतारूंना सांगायचं नाही. "जरा वारा आहे" म्हणायचं आणि हसऱ्या तोंडाने खाली जाऊन बादल्यांनी पाणी उपसायचं. सगळं आयुष्य तो त्याच नियमावर तरला होता.

दुपारी बायको परत आली. पाठोपाठ कणकेचं भांडं घेऊन बाहेर गेली आणि थोड्या वेळाने भांडं घेऊन आत आली.

"अहो, ते वेटोळं कुठे गेलं?"

"आत घेतलं. दमतं तेही."

"केबल दमते?"

"सारखी वीज वाहून वाहून दमणार नाही तर काय? तुझे हात नाही दमत?"

ती भांडं घेऊन पुन्हा बाहेर गेली, ती बराच वेळ आली नाही. आली ती दिवेलागणीला. शाल गुंडाळून समोर बसली.

"हिटर का बंद आहे?"

"कोरड्या हवेने डोकं दुखतं."

"तुमचं?"

"तुझं."

"माझं नाही दुखत."

"दुखायच्या आधीच बंद केला."

"हो का? मोठेच दूरदृष्टीचे." ती उठली आणि तिने शेगडीवरचा दिवा लावला. मग अंथरुणावरचा. मग बेसिनवरचा. मग दाराबाहेरचाही. "आज मला सगळं लख्ख बघावंसं वाटतंय बाई."

"एवढ्या उजेडाने डोळे दुखतात हं."

"कुणाचे? माझेच का? दुखायच्या आधी डोळे मिटून घेईन." तिने नळ सोडला. पंप घरघरला. काटा हिरव्या पट्ट्यातून निसटून पिवळ्यात आला. चार भांडी होती, ती तिने अशी धुतली की जणू वरात जेवून गेलीय. मग रेडिओ लावला, आणि त्यावर कुणीतरी शेतीविषयी बोलत होतं ते मन लावून ऐकत बसली. या बाईने आयुष्यात कधी कुंडीला पाणी घातलं नव्हतं.

तांडेलाच्या अंगावर गोधडी होती, गाडीत थंडी होती, आणि तरीही त्याला घाम फुटला होता. काटा पिवळ्याच्या काठावर आला. त्याच्याजवळ एक वाक्य तयार होतं. दुपारपासून त्याने ते घासूनपुसून ठेवलं होतं: "खांबातच बिघाड आहे, मैदानवालीचं लक्ष नाही." एवढं म्हटलं की झालं. बिघाड मैदानाचा, अंधार मैदानाचा. बायको मैदानवालीला चार शब्द सुनावून आली असती, आणि बॅग कदाचित खुंटीवरच राहिली असती. त्याने तोंड उघडलं. समोर ती शाल लपेटून, पायांत त्या सपाता घालून, सोयाबीनचा भाव ऐकत बसली होती. ते वाक्य काही बाहेर येईना. दुसरंच आलं.

"बंद कर ते."

"रेडिओ?"

"सगळंच. बॅटरी संपत आलीय. केबल जळली, आज सकाळी. खांब चांगला आहे. मैदानवालीने सांगितलं होतं गुंडाळू नका, मी गुंडाळली. तापून तापून जळली. ती गाडीखाली आहे."

बायकोने रेडिओ बंद केला. मग तिने विचारलं, "आणि हे आत्ता का सांगताय? अजून थोडं गप्प बसला असतात तर आपोआप कळलंच असतं मला."

"आपोआप म्हणजे अंधारात." तांडेल गोधडीच्या टोकाशी चाळा करत होता. "मग तू अंधारातच बॅग काढली असतीस. त्या पायरीवर कुणीही आपटेल. उजेड आहे तोवर काढून ठेव."

मग बायको हसली. आधी नाकातून, मग खांद्यांतून.

"म्हणतात ना, सुंभ जळतो पण पीळ जळत नाही. तुमचा थोडासा जळलेला दिसतोय."

"तुला माहीत होतं?"

"दुपारपासून. कणीक फुगायला ठेवू कुठे म्हणून डॉक्टरांकडे गेले. त्यांना विचारलं, वेटोळं कुठाय? बिचाऱ्यांनी तोंड उघडलं नाही. नुसते हातवारे केले. मांजरीचा, इस्त्रीचा, धुराचा. शेवटी तुमचं तोंड कसं झालं होतं तेही करून दाखवलं."

"मग हे सगळे दिवे कशाला लावत सुटली होतीस?"

"तुम्ही काय बोलता ते ऐकायला."

"आणि नसतो बोललो तर?"

"तर गेले असते." तिने ते अगदी साध्या आवाजात सांगितलं. "मला अंधाराचं काय हो? त्या जनरेटरच्या कृपेने मेणबत्तीवर पंगतीच्या पंगती उठवल्यात मी. पण तुमच्या बोटीवर काय बिघडलंय ते तुम्ही उतारूंना कधी सांगत नाही. तुम्हीच मोठ्या तोऱ्यात सांगायचात मला. मला उतारू म्हणून नव्हतं यायचं."

बायकोने शाल कमरेला खोचली. आणि तिने शाल कमरेला खोचली की दुसऱ्या कुणी बोलायचं नसे.

"उठा. काटा बघा. कुठाय?"

"लालला टेकलाय."

"मोठे दिवे विझवा. तो अंथरुणाच्या उशाशी इवलासा आहे ना, तेवढा राहू द्या. पंप बंद. बादली घ्या, बाहेरच्या नळावरून हाताने पाणी भरून आणा. गॅस आहे ना? मग रडायचं काय कारण आहे? बाटल्या आणा, रिकाम्या सगळ्या."

तांडेल बादली घेऊन निघाला. आयुष्यभर त्याने हुकूम सोडले होते, कुणाचा झेलला नव्हता. त्याला वाटलं होतं फार जड जाईल. बादली तेवढी जड गेली.

तिने गॅसवर पाणी उकळलं, बाटल्यांत भरलं, बाटल्या मोज्यांत घातल्या आणि अंथरुणात पेरल्या. न फुगलेल्या कणकेचे चपटे पाव तव्यावर भाजले. ते इतके चिवट झाले होते, की तांडेलाने एकावर दात रोवले आणि डॉक्टरांची आठवण काढली. पण दोघांनी ते सगळे संपवले. उशाशी तो नखाएवढा दिवा. त्याच्या उजेडात दोघं एकमेकांना जेमतेम दिसत होती, आणि कसं कोण जाणे, बोलणं त्यातच चाललं होतं. एका पुरात बोटीचं सुकाणू तुटलं होतं आणि तो दोराने बोट वळवत पलीकडे गेला होता, हे त्याने तिला त्या संध्याकाळी सांगितलं.

"त्या दिवशी घरी येऊन काय म्हणाला होतात, आठवतंय?"

"काय?"

"'आलो.'"

तो इवलासा दिवा सकाळपर्यंत तेवत राहिला. काटा लाल पट्ट्याच्याही खाली, जिथे रंग संपतो आणि नुसता पत्रा लागतो तिथवर गेला होता, तरी दिवा होता. बॅटरीत काही उरलं नव्हतं. तो नुसत्या भिडेखातर जळत होता, असं तांडेल पुढे सगळ्यांना सांगे.

उजाडल्यावर तो आपल्या पायांनी मैदानवालीकडे गेला, काखेत ती काळी थाळी घेऊन. मैदानवालीने थाळी उलटसुलट करून बघितली.

"सांगितलं होतं ना, काका?"

"सांगितलं होतंत."

त्याला वाटलं आता ती चांगलीच ऐकवणार. तिने नुसतं फडताळ उघडलं आणि एक केबल काढून दिली. "ही वापरा. आणि ही थाळी मला ठेवू द्या. नव्या लोकांना दाखवायला बरी."

केबल बायकोने त्याच्या हातातून काढून घेतली. "द्या इकडे." तिने ती गवतात मोकळी सोडली, झाडाखालून, डॉक्टरांच्या तंबूला वळसा घालून, पुन्हा मागे, जशी पडेल तशी, आणि प्लग खांबात बसवून खटका वर केला. चार्जर गुरगुरला आणि काटा हळूहळू पत्र्यावरून रंगात चढू लागला. तांडेलाने दोन्ही हात काखेत दाबून धरले होते. मनगटं नुसती शिवशिवत होती. पण तो बघत उभा राहिला.

एवढ्यात फोन वाजला. छोटीचा. ती बोलायची तीच मुळात पलीकडच्या गावाला ऐकू जावं अशी, त्यामुळे तांडेलालाही सगळं ऐकू आलं.

"ताई, काय गं थंडी पडलीय! मला तुझीच काळजी लागलीय त्या डबड्यात. खोली झाडून ठेवलीय. कधी येऊ तुला न्यायला?"

बायकोने खुंटीवरची बॅग काढली. तिने बॅग अंथरुणावर ओतली आणि एकेक कपडा कपाटात कोंबायला लागली, फोन खांद्याने कानाशी धरून.

"न्यायला कशाला येतेस? राहायलाच ये की. चार दिवस राहा, पाव खा. इथे माणसं छान आहेत. सध्या फक्त रांगेत उभं राहायला जरा शिकवायचंय त्यांना."

फोनमधला आवाज कधी नव्हे तो खाली आला. मग छोटी म्हणाली, "आणि भाऊजी?"

"भाऊजी काय, पाणी भरतात."

फोन बंद झाला. तांडेलाने गाडीचा अंदाज घेतला. या टोकापासून त्या टोकापर्यंत, मग आडवा. कुठूनही बघितलं तरी दोनच माणसं मावत होती.

"अगं, ती झोपणार कुठे?"

"इथे. माझ्याजवळ."

"आणि मी?"

बायकोने रिकामी बॅग घडी करून त्याच्या हातात दिली. "डॉक्टरांचा तंबू केवढा मोठा आहे."

तांडेल बाहेर पडला. त्याने शीळ घातली होती, हे त्याला स्वतःला तंबूपाशी पोचल्यावर कळलं. डॉक्टर दारात बसून दात घासत होते, हातात धरून.

"डॉक्टर, चार दिवस जागा मिळेल का?"

डॉक्टरांनी घाईने दात बसवले. "काय झालं? वहिनींनी बाहेर काढलं?"

"नाही, नाही. मेव्हणी येतेय."

डॉक्टरांनी ताबडतोब आपली गादी बाजूला सरकवली.